'सिली' : एका धन्य शब्दाची उतरण

अक्षरवेल

शनिवारी दुपारी घरी कसोटी सामना लावला होता. फिरकी सुरू झाली तसं कर्णधाराने एकाला फलंदाजाच्या पार नाकासमोर आणून उभं केलं. समालोचक म्हणाला, "सिली पॉइंट." माझा भाचा आठवीत आहे. त्याने विचारलं, "मावशी, सिली म्हणजे मूर्ख ना? मग सगळ्यात धीट माणूस जिथे उभा राहतो त्या जागेला मूर्ख का म्हणतात?"

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्याला थोडक्यात उत्तर दिलं, पण शब्द डोक्यातून जाईना. या शब्दाशी माझं जुनं देणं आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एक विशेषण होतं, 'गेसॅलिग'. लिहायचे असं आणि म्हणायचे साधारण 'येसॅलिय'. त्याच्या पोटात 'सॅल' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ वेळ, योग्य घडी आणि त्यातून सुख, भाग्य. आपण म्हणतो ना, "वेळ चांगली होती म्हणून वाचला", तीच ही वेळ. ज्याची वेळ चांगली तो 'सॅलिग'. देवाची कृपा झालेला, सुखी, धन्य.

पुढे सुरुवातीचं 'गे' गळलं आणि शब्द 'सेली' झाला. बाराशेच्या आसपास 'सेली' म्हणजे अजून धन्यच. पण देवाची कृपा कोणावर असते? जो पापभीरू आहे, निष्कपट आहे त्याच्यावर. म्हणून 'सेली' म्हणजे निष्पाप. निष्पाप माणूस उलटून बोलत नाही, म्हणून निरुपद्रवी. त्याला कोणीही लुबाडावं, म्हणून बिचारा. बिचारा म्हणून दुबळा. आणि दुबळ्याला जग अखेर काय म्हणतं ते आपल्याला माहीतच आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत 'सिली' म्हणजे बुद्धी कमी असलेला, हा अर्थ रुळला. एवढ्या प्रवासात कुठेही उडी नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला चिकटलेली आहे.

ही उतरण चालू असताना शब्द कसा दिसतो ते पाहायचं तर चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीकडे जावं. कँटरबरीच्या वाटेवर यात्रेकरू एकमेकांना गोष्टी सांगतात. त्यात जोगीण एका शाळकरी पोराची गोष्ट सांगते आणि म्हणते, 'सेली' मूल सांगितलेलं लगेच शिकतं. इथे 'सेली' म्हणजे गुणी, निर्मळ, देवाचं लेकरू. त्याच यात्रेतला पिठाच्या गिरणीवाला जॉन नावाच्या सुताराची गोष्ट सांगतो. ऑक्सफर्डचा हा म्हातारा सुतार. त्याच्याकडे भाड्याने राहणारा विद्यार्थी निकोलस त्याला पटवतो की नोहाच्या वेळेपेक्षा मोठा जलप्रलय येतोय. जॉन आढ्याला तीन काथवटी टांगतो, एकीत स्वतः चढून बसतो, आणि इकडे निकोलस त्याच्या बायकोपाशी. शेवटी दोर कापून जॉन खाली आदळतो, हात मोडतो, आणि गाव जमून त्याला वेडा ठरवतं. चॉसर या जॉनला पुन्हा पुन्हा 'सेली' म्हणतो. याच गोष्टीत निकोलसची अवस्था पाहून जॉन आपणहून म्हणतो की ज्याला श्रद्धेच्या चार ओळींपलीकडे काही येत नाही तो अडाणी माणूसच धन्य. धन्य आणि अडाणी त्याच्या तोंडून एकत्र आले, आणि पुढे गावाने त्याला वेड्यात काढलं. मला तरी या शब्दाची सगळी कथा त्या एका सुतारात दिसते.

'सेली'चा उच्चार पुढे 'सीली' झाला. पंधराव्या शतकात तो आखडला आणि 'सीली'चं 'सिली' झालं. आडनावांत मात्र जुना उच्चार टिकला. सीली नावाची इंग्रज घराणी आजही आहेत आणि ती मुळात धन्य, सुखी माणसांची घराणी.

आता माझं देणं. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या तिसऱ्या नाटकात टाउटनच्या लढाईचा प्रसंग आहे. ही लढाई १४६१ची. राजाला लढता येत नाही, राणीनेच त्याला रणांगणातून घालवलंय. तो चिचुंद्रीने उकरलेल्या मातीच्या ढिगावर बसून म्हणतो की मी मेंढपाळ असतो तर बरं. प्रजेच्या दग्याला भिणाऱ्या राजावरच्या भरजरी छत्रापेक्षा, आपल्या 'सिली' मेंढरांकडे बघत बसलेल्या मेंढपाळाला काटेरी झुडपाची सावली गोड नाही का लागत? पहिली दोन वर्षं मी वर्गात याचं "मूर्ख मेंढरं" असं मराठी केलं. मुलं हसली आणि राजाचं दुःख तिथेच मेलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जुना कोश हाती आला तेव्हा कळलं की त्या ओळीत कोणीही मूर्ख नाही. तिथे 'सिली' म्हणजे निराधार, ज्यांना राखणारा लागतो अशी. पहिल्या दोन वर्षांतल्या त्या मुलांना हे सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून योग्य मराठी शब्द शोधतेय. निष्पाप म्हटलं तर पोथीतलं वाटतं. तुम्ही काय म्हणाल? खाली प्रतिसादात सांगा.

तांबडी माती

ताई, भाच्याचा प्रश्न अगदी बरोबर. मी मुंबईच्या मैदानांवर क्लब क्रिकेट खेळलोय आणि तीन मोसम त्याच जागी उभा राहिलोय. फलंदाजाने बॅट उचलली की तिच्या कडेचा लाकडाचा दाणा दिसतो इतकं जवळ. चेंडू बघायचा नसतो. बघेपर्यंत तो येऊन गेलेला असतो. फलंदाजाचे पाय आणि बॅटचं तोंड बघायचं, हात गुडघ्याखाली, आणि काही झालं तरी तोंड फिरवायचं नाही.

सिली पॉइंट, सिली मिडऑफ, सिली मिडऑन या तिन्ही नावांत हा शब्द आहे. शॉर्ट लेगच्या नावात नाही, पण धोका तोच, कदाचित जास्त. आमच्या पिढीसाठी ती जागा म्हणजे एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. २७ कसोटींत ५३ झेल, आणि डोक्यावर हेल्मेट नाही, कारण तेव्हा ते नव्हतंच. १९७१ला ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर अॅलन नॉटचा जो झेल त्याने पुढे झेपावून घेतला, त्याचा फोटो माझ्या वडिलांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दार उघडलं की सोलकर आडवा. पुढे १९९८मध्ये ढाक्याला रमण लांबा याच शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे होते आणि डोक्याला चेंडू लागून गेले.

म्हणून मला वाटतं, क्रिकेटमधल्या 'सिली'त तुम्ही सांगितलेला जुना अर्थ असणार. निराधार, उघडा, अंगावर काही नसलेला. तसं असेल तर त्या नावाने माझ्या वडिलांच्या त्या फोटोला न्याय मिळतो.

अक्षरवेल

दादा, वाचून अंगावर काटा आला. पण तुमचा तर्क मान्य करता येत नाही, आणि शिक्षिका म्हणून खरं सांगायला हवं. क्रिकेटमधली ही नावं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची. तोवर प्रमाण इंग्रजीत 'सिली'चा निराधार हा अर्थ पुसला गेला होता, स्कॉटलंड आणि उत्तरेकडच्या बोलींतच काय तो उरला. नाव ठेवणाऱ्यांना म्हणायचं होतं ते एवढंच की इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे वेडेपणा. आपणही धाडसाला "वेडं साहस" म्हणतोच.

वर्तमानपत्रांच्या 'सिली सीझन'चंही तसंच. १८६१मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकाने हा शब्द छापला. ऑगस्टात पार्लमेंट बंद, बातम्या नाहीत, मग काहीबाही छापायचं. तिथेही अर्थ नवाच.

र्‍हाइनकाठ

मी अकरा वर्षं जर्मनीत आहे. इथे या शब्दाचा सख्खा भाऊ धडधाकट जिवंत आहे, म्हणून लिहितेय.

जर्मन 'झेलिश', लिहितात 'सेलिग'. अर्थ आजही धन्य, कृतार्थ. चर्च एखाद्याला संतपदाच्या अलीकडची पायरी देतं त्या विधीच्या नावात हाच शब्द. जुन्या वळणाच्या बायका गेलेल्या नवऱ्याचा उल्लेख करताना 'सेलिग' लावतात, आपण 'कैलासवासी' लावतो तसं. माझ्या घरमालकीण आजी त्यांच्या वडिलांबद्दल बोलताना हा शब्द असा हळू उच्चारतात की पुढचं वाक्य ऐकायला मी नकळत पुढे वाकते.

आमच्या गावच्या गायनवृंदात मी गाते. दोन वर्षांपूर्वी ब्राम्स या संगीतकाराचं जर्मन रेक्विएम, म्हणजे मृतांच्या स्मरणाची गायनरचना, बसवलं. त्यात समूहाचा पहिलाच शब्द 'सेलिग'. जे शोक करतात ते धन्य. शेवटचा भागही याच शब्दाने उघडतो, जे मृत आहेत ते धन्य. तालमीत बाई सांगायच्या, हा शब्द ढकलू नका, तो उमलू द्या. ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेल्या बायबलात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात जिथे जिथे 'सेलिग' आहे, तिथे मराठी बायबलात 'धन्य' आहे. "आत्म्याने दीन ते धन्य." आणि ज्या भाषेत शेक्सपिअर झाला, तिथे त्याच शब्दाने आता पोराला टपली मारतात.

डच 'झालिख' म्हणजे धन्य, आणि जेवण फर्मास झालं तरीही झालिख. आइसलंडमध्ये तर हे रोजचं अभिवादन आहे. रस्त्यात पुरुष भेटला तर 'साइत्ल', बाई भेटली तर 'साइल', म्हणजे सुखी असा. एका आजीची इतकी नातवंडं, आणि घसरलं ते एकटं इंग्रज.

पोथीपान

र्‍हाइनकाठ, घसरलं ते एकटं नाही. उदाहरण आपल्या घरचं आहे.

अशोकाच्या शिलालेखांत त्याचं बिरुद 'देवानंपिय', संस्कृतात 'देवानांप्रिय', देवांना प्रिय असलेला. त्याच काळात श्रीलंकेत तिस्स नावाच्या राजानेही हेच बिरुद लावलं. अशोकाच्या त्या लेखमालेतला एक तुकडा आपल्या नालासोपाऱ्याला १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला आणि तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मी मुद्दाम तो बघायला गेलो होतो. फुटका दगड, त्यावर ब्राह्मीतली काही अक्षरं. पण त्यासमोरून लोक भराभर पुढे जात होते आणि मला हलवेना.

आता संस्कृत व्याकरणाकडे या. पाणिनीचं एक सूत्र आहे, निंदा करायची असेल तर समासात षष्ठीचा प्रत्यय तसाच राहतो. त्यावर कात्यायनाचं वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली टीप, 'देवानांप्रिय इति च'. पुढे सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत याला एक शब्द जोडलेला दिसतो, 'मूर्खे'. म्हणजे 'देवानांप्रिय' हे रूप मूर्ख या अर्थी. त्याच्या कितीतरी आधी शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाला 'देवानांप्रिय' म्हणून प्रश्न टाकतात, आणि तो गौरव नव्हे.

सम्राटाचं बिरुद ते मूर्ख. यामागे बौद्ध राजाबद्दलचा वैदिकांचा राग होता असं काही अभ्यासक मांडतात. मीही बरीच वर्षं तेच मानत होतो. पण 'सिली'ची हकीकत वाचून वाटतं, राग नसतानाही शब्द याच वाटेने जाऊ शकतो. इंग्लंडात 'सेली' लोकांवर कोणाचा राग होता? फ्रेंचमध्ये 'बने' म्हणजे बावळट, आणि तो आला आशीर्वाद मिळालेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. 'क्रेटिन' म्हणजे मठ्ठ, हा शब्द आल्प्सच्या खोऱ्यांतला, मुळात 'ख्रिश्चन'च. तिथे अन्नात आयोडीन नाही, गळ्याला गलगंड, वाढ खुंटलेली माणसं. गावकरी त्यांना म्हणत, हाही ख्रिश्चनच, म्हणजे आपल्यासारखाच माणूस. मायेने दिलेलं नाव होतं ते. अठराव्या शतकात डॉक्टरांनी ते पुस्तकात घेतलं आणि त्याची शिवी झाली.

माळरान

पोथीपान काका, फार मोलाचं लिहिलंत. मी भाषेचा अभ्यासक नाही, शेतीवाडीचा माणूस. पण 'धन्य' वाचल्यावर घरचं आठवलं.

माझी आजी एकादशीला हरिपाठ संपला की दोन्ही हात कपाळाला लावून "धन्य झाले रे बाबा" म्हणायची. तेवढंच. आणि त्याच घरात, त्याच दिवशी, मी दुधाचं भगुलं उघडं टाकून मांजराने तोंड घातलं की आई म्हणायची, "धन्य आहेस बाबा!" शब्द एकच. मला लहानपणी कधी प्रश्नही पडला नाही की हे दोन एकच कसे.

'महाभाग' बघा. मोठ्या भाग्याचा तो महाभाग. पुराणातले ऋषी एकमेकांना आदराने 'हे महाभागा' म्हणतात. आणि आज आमच्या बाजारात कोणी ट्रॅक्टर आडवा लावून चहाला गेला की लोक म्हणतात, "कोण महाभाग आहे?" इंग्रजांनी ज्या पायऱ्या उतरायला चार शतकं लावली त्या आपण एका दिवसात चढतो-उतरतो.

घाटवाट

मग शब्द नेहमी खालीच जातात का? तसं असेल तर फार उदास आहे हे.

आणि मेंढरांसाठी माझं मत 'भाबडी'ला.

अक्षरवेल

नाही, खालीच जातात असं नाही. 'सिली' खाली उतरत होता तेव्हा एक शब्द शेजारूनच वर चढत होता, 'नाइस'. लॅटिनमध्ये 'नेस्किउस' म्हणजे अजाण. फ्रेंचमधून तेराशेच्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख. मग लाजराबुजरा, मग नखरेल, मग बारकाईने निवड करणारा, मग नाजूक, नेमका, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छान. चॉसरच्या काळात एखाद्याला 'नाइस' म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, 'सेली' म्हटलं असतं तर कदाचित आशीर्वाद वाटला असता.

आपलं 'साहस' घ्या. मनुस्मृतीत न्यायाचे अठरा विषय सांगितलेत, त्यात साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा. आज आपण मुलांना साहसी व्हा म्हणतो.

आणि एकाच शब्दाचे दोन फाटे फुटून एक वर, एक खाली गेलाय असंही आहे. जुन्या इंग्रजीत सौम्य, मवाळ या अर्थी एक शब्द होता. त्यातून 'डेफ्ट' म्हणजे कुशल हाताचा, आणि 'डाफ्ट' म्हणजे खुळा. एका घरातले दोन भाऊ.

शेक्सपिअरच्या वेळी 'सिली'चे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. त्याच्या एका नाटकात लुटारूंना अट घातलीय की 'सिली' बायकांना आणि गरीब वाटसरूंना त्रास द्यायचा नाही, म्हणजे निराधार बायकांना. आणि दुसऱ्या नाटकात राणी कारागिरांचा खेळ बघून म्हणते, इतकं 'सिली' मी कधी ऐकलं नाही. तिथे सरळ खुळचट. १६२९मध्ये मिल्टन ख्रिस्तजन्मावरच्या कवितेत मेंढपाळांच्या 'सिली' विचारांबद्दल लिहितो तेव्हा तो साधेपणाच सांगतोय. १६११च्या इंग्रजी बायबलात एफ्राइम या इस्राएली कुळाला 'सिली' पारव्याची उपमा आहे, काळीज नसलेल्या. तिथे मात्र दोन अर्थांतला नेमका कोणता, हे ठरवताना माझा हात अजून थबकतो.

घाटवाट, 'भाबडी' चांगला आहे. पण भाबडेपणा मनाचा असतो, विश्वास टाकणाऱ्याचा. सुताराला 'भाबडा' चपखल बसतो. मेंढरांना नाही.

घाटवाट

पटलं. मग 'गरीब'? "गरीब गाय" म्हणतो तसं. पैशाशी त्याचा संबंध नाही, मारकी नाही एवढंच.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितेय. आमच्या कोंकणीत दिवसातून दहादा येतो असा शब्द म्हणजे 'बापडें'. पाऊस पडताना कुत्र्याचं पिल्लू पडवीत आलं, बापडें. शेजारची म्हातारी एकटी पडली, बापडी. त्यात कीव आहे पण तुच्छता नाही, आणि मूर्खपणाचा तर वासही नाही. बोलणारा तो शब्द म्हणतो तेव्हा त्याचा हात आधीच पुढे झालेला असतो, वाटी घेऊन नाहीतर टॉवेल घेऊन.

मराठीतही 'बापडा' आहेच ना?

पोथीपान

आहे, आणि जुना आहे. प्राकृतात 'बप्पुड', ज्ञानेश्वरीत 'बापुडें'. इतकी शतकं तो दीन, केविलवाणा याच अर्थावर उभा आहे. 'सेली' जिथे तेराव्या शतकाच्या शेवटी पोचला त्या पायरीवर 'बापडा' पाय रोवून थांबला आणि पुढे उतरला नाही. तो का थांबला हे शोधायला मला आवडेल. बहुधा त्याच्याबरोबर देवाचं नाव जोडलेलं नव्हतं म्हणून. 'धन्य', 'देवानांप्रिय', 'सेली' या सगळ्यांत देव मध्ये आहे. देव ज्याची काळजी घेतो तो स्वतःची काळजी घ्यायला शिकत नाही, असं माणसं धरून चालतात. 'भोळा' हा शब्दही म्हणूनच काठावर उभा आहे. महादेवाला लावला की भक्ती, शेजाऱ्याला लावला की बावळटपणा.

माळरान

आमच्याकडे धनगर अजून बोलताना म्हणतात, "बापडी जितराबं, त्यांना काय कळतंय, पाऊस आपल्याला बघायचा." वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, टाकून रात्रभर जागतात. बाहेरून कोल्हा-लांडगा फिरतो आणि आत मेंढरं एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपलेली असतात. आम्ही शेतात बसवायला बोलावतो तेव्हा पाहिलंय. ताई, तुमच्या राजाला हेच बघत बसायचं होतं ना?

अक्षरवेल

हो, हेच.

आज बारावीच्या वर्गात तो उतारा होता. मी फळ्यावर 'बापडी मेंढरं' लिहिलं आणि काही न समजावता राजाचं भाषण सुरुवातीपासून वाचलं. मातीच्या ढिगापासून छत्रापर्यंत. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, त्याच्या घरी मेंढरं आहेत, वाचन संपल्यावर म्हणाला, "मॅडम, त्या राजाला राखायला कोण होतं?"

माझ्या त्या पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांपैकी तिघांचे नंबर माझ्याकडे आहेत. आज रात्री त्यांना हा धागा पाठवतेय.